हळदीच्या गाण्यातलं तुझं नाव

चकलांबा,
करिष्माच्या लग्नाची सकाळ

भागवता,

मागच्या लग्नात तू चारचौघांत म्हणलतास, "आक्का, तुझी रडगाणी बंद कर, डीजे लावू दे." तवापासून आपलं बोलणं बंद हाय. काल माझ्या करिष्माच्या हळदीलाबी, सख्खा मामा असून, तू आला न्हाईस.

डीजे आमीबी लावलता. मी नाचलेसुदिक. पण हळदीला बसवली तशी करिष्मा म्हणाली, "आई, ते बंद करा आन् तुझं गाणं म्हण."

मग आपल्या आईचं गाणं धरलं. त्यात एकेका नातेवाइकाचं नाव घेत हळद लावायची असती. मामाची पाळी आली तशा साऱ्या बाया माझ्या तोंडाकडं बघायल्या. नाव गाळलं असतं तरी कुणी काही बोललं नसतं.

मी न्हाई गाळलं. तुझ्या रुसव्यापायी आईच्या गाण्याला भोक पाडू व्हय?

डीजेवर काय वाजलं ते आज कुणाला सांगता येत न्हाई. गल्लीतल्या पोरी मात्र सकाळपासून तुझं नाव म्हणत हिंडायल्यात.

हे पत्र मी टाकणार न्हाई. दुपारी लग्नाला तू ये न्हाईतर नको येऊ. गाण्यातनं तुला आता कुणी काढत न्हाई.

तुझ्याहून थोरली,
सावित्रा