टाकीतला खार

२ जुलै, सकाळ
आजपासून निर्धार. मासेमारी संस्थेच्या टाकीतला खार निघालाच पाहिजे. माझ्या घराला लागून असलेल्या शेडमधली दोन हजार लिटरची निळी प्लास्टिकची टाकी, पण आतून पांढरीफटक. बोअरच्या पाण्याची कृपा. गेल्या साली बीज सोडायच्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे साहेब आत डोकावून "हे काय?" म्हणाले. सचिव मी, म्हणजे अपमान माझा. बारा तारखेला रोहू-कटल्याचं बीज येणार. तलावात सोडण्याआधी ती बोटभर पिल्लं दिवसभर याच टाकीत विसावणार. गावातल्या बावीस ढिवर घरांचं वर्ष त्या बीजावर. अशा कामाला सायंटिफिक माणूस लागतो. तीन दिवसांचा प्लॅन.

५ जुलै
व्हिनेगर झालं. लिंबं झाली, ताराबाईनं लोणच्याला ठेवलेली. बायको आहे, समजून घेईल. घेतलं नाही. खार जसाच्या तसा. म्हणजे आतून मऊ होतोय, वरून दिसत नाही इतकंच.

६ जुलै
लहानूभाऊ आले. संस्थेचे सगळ्यात जुने सभासद, ऐकून घ्यावं लागतं. तीन वर्षांपूर्वी टाकी ट्रॅक्टरवरून पडली, बुडातून झिरपायची, मग खार साचला आणि झिरपणं थांबलं, असा त्यांचा शोध. म्हणाले, "भाऊ, थो खार काढू नोको. त्यानंच टाकी धरून ठेवली आहे."
मी हसलो. ते हसले नाहीत. आजारी बैलावर फिरवतात तसा टाकीवर हात फिरवून गेले.

८ जुलै, दुपार
नागभीडहून ॲसिड आणलं. धूर झाला, डोळे चुरचुरले. कोंबड्या लांब जाऊन उभ्या राहिल्या, संध्याकाळपर्यंत अंगणात आल्या नाहीत. खार मात्र फसफसून सुटतोय.

९ जुलै
खुरपं घेतलं. बुडाशी पापुद्रे निघाले. खाली स्वच्छ निळं, आणि हातभर लांब बारीक काळी रेघ. कंपनीच्या जोडाची असावी. असणारच. मन जरा चरकलं होतं, चहा घेतल्यावर बरं वाटलं.

१० जुलै
आमच्याकडे रीत आहे. बीज येण्याआधी टाकीत एक रात पाणी मुक्कामाला ठेवायचं, कोळशानं खूण करायची. मी रीत मोडणाऱ्यांतला नाही. अर्धी टाकी भरून खूण केली.

११ जुलै, सकाळी सहा
पाणी खुणेच्या चार बोटं खाली. उकाडा भयंकर, वाफ झाली असणार. शिवाय घाईत खूणच वर झाली असावी. पुसून खाली केली. आता बरोबर जुळते.
ताराबाईनं विचारलं, शेडमधली माती ओली काऊन? मी म्हटलं, पाऊस. ती आभाळाकडे पाहत राहिली. चार दिवसांत थेंब नाही.

११ जुलै, दुपार
टाकी उपसून शेवटचा हात फिरवला. रेघेतला उरलासुरला खारही टोकरून काढला. लहानूभाऊ खूण पाहायला येणार असं कळलं, म्हणून शेडला कुलूप घातलं. किल्ली एकच, माझ्या खिशात. उगाच लोकांच्या मनात भीती नको.

१२ जुलै, सकाळी नऊ
बीज आलं. तलावाच्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरून सोडलं. हवेचा पंप सुरू. निळ्या बुडावर हजारो पिल्लं, नुसती बघत राहावीत. ऊन उतरलं की तलावात. कुलूप लावून संध्याकाळी येणाऱ्या साहेबांच्या हारासाठी नागभीडला निघतो.

दुपारी दीड, नागभीड स्टँड
ताराबाईचे नऊ फोन. उचलले नाहीत. ती काय बोलणार ते पाठ आहे. हार मलूल दिसतोय. उन्हानं असेल.

१३ जुलै
काल बूड त्या रेघेवरच फाटलं. पाणी दाराखालून गल्लीत आलं तेव्हा ताराबाई कुलूप हिसकत होती. लहानूभाऊ तलावावरून धावत आले, कुऱ्हाडीनं कडी तोडली. मी हार घेऊन पोचलो तर बाया चिखलात बसून एकेक पिल्लू चाचपत होत्या. घमेलंभर जगली.
ताराबाईनं वर पाहिलं. म्हणाली, "त्यायचं तडफडणं आयकू येऊन राह्यलं होतं मले. दाराबाहेरून."
हार खाली ठेवायलाही जागा दिसेना. लाज वाटली, फार लाज वाटली.
तरी बसून उत्तरं तयार केली. कंपनीचा माल हलका, ॲसिडात भेसळ, ड्रायव्हरनं बीज उशिरा आणलं. आज सकाळी बावीसही घरांची माणसं माझ्या दारावरून तलावाकडे गेली, ते घमेलंभर बीज सोडायला. मी ओसरीवर तयार बसलो होतो. कोणी काही विचारलं नाही.