इंजिनाला शिव्या कळतात का?

बदनापूर,
ता. ४ जानेवारी १९३९

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आज काकासाहेबांच्या विहिरीवर मी तेलाचं इंजिन बसवलं. दुपारी पाणी आलं.

मोट हाकणारे लालमियाँ सकाळपासून बैलांपाशीच बसून होते. माझ्यामुळे त्यांचं काम जाणार, हे मलाही लागलं होतं. पाटात पाणी पडल्याचा आवाज आला, आणि मोट रिती झाली, आता मागे यायचं, असं समजून त्यांचे मोकळे बैल मागे मागे सरकत थेट विहिरीशी आले! लालमियाँनी पळत जाऊन थोपवले. सगळे हसलो.

काकासाहेब लालमियाँना म्हणाले, "बैल कामातनं सुटले, तुम्ही न्हाई. इंजिन तुम्हीच सांभाळा."

"सांभाळतो मालक, पण बैलांगत ह्याला शिव्या कळतेत का?"

उद्यापासून मी त्यांना इंजिन चालवायला शिकवणार.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. ते असते तर पोट धरून हसले असते. तू नीट जेवतेस ना?

खोलीवर एकटाच आहे. आता भाकरी थापायला बसतो.

तुझा,
बद्रीनाथ