माझी भाकरी आणि तीन उपपत्ती

कोपरगाव, मंगळवार

प्रिय आरती,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तू चढत असणारच. मी ठणठणीत आहे. फक्त उजव्या हाताची तीन बोटं भाजली आहेत, आणि ती शिक्षणशास्त्राने भाजली आहेत.

माझी भाची मोनिका बी.एड.साठी माझ्याकडे राहते, हे तुला माहीत आहे. त्यांना अध्ययनाच्या उपपत्तींवर गटप्रकल्प आहे. गटात ती, शिफा आणि समर्थ. एखाद्या मोठ्या माणसाला न येणारी गोष्ट तिघांनी तीन उपपत्तींनी शिकवायची, आणि ती कशामुळे आली याचा मिळून एकच निष्कर्ष लिहायचा. एकमत नसेल तर प्रकल्प जमाच करून घेत नाहीत. "मावशी, तुला काय येत नाही गं?" मोनिकाने विचारलं. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला असं विचारतात का? बराच वेळ आठवल्यावर बाजरीची भाकरी निघाली. (आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आपल्याला काटे-चमचे कसे मांडायचे ते शिकवलं. त्या काट्यांनी खायचं काय, ते कोण करणार, हे नाही शिकवलं.)

समर्थ वर्तनवादी. भाकरी जमली की मला चिक्कीचा तुकडा, फाटली की तो खिडकीबाहेर बघणार. चार दिवसांत मला एकही तुकडा मिळाला नाही, त्याने मात्र अर्धा डबा संपवला. शिफा ज्ञानरचनावादी. तिने काही सांगायचंच नाही, मी शोधायचं. "मॅडम, कडा का चिरत असतील, तुम्हाला काय वाटतं?" मला वाटत असतं तर चिरल्या असत्या का? मोनिकाची उपपत्ती पाहून शिकण्याची. तिने मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावला, त्यात बाईचा चेहरा सतत दिसतो आणि हात अधूनमधून. (स्वतःच करून का दाखवत नाहीस, हे मी मोनिकाला विचारलं नाही. तिची आई माझीच बहीण आहे.)

पाचव्या दिवशी सकाळी गोजरबाई भांडी घासायला आली. करपलेला तवा घासून ती आधीच वैतागलेली. माझी भाकरी बघून म्हणाली, "बाई, हिला तवा न्हाई, टाके घालाय सुई लागंल." मग माझ्या हातावर चापट मारली, गरम पाणी घ्यायला लावलं, तळव्याने पीठ रगडून घेतलं. "बोटं काय नाचवताय, पेटी वाजवायची हाय का?" वीस मिनिटांत भाकरी टम्म फुगली.

संध्याकाळी तिघांसमोर मी तीन भाकऱ्या केल्या. तिन्ही फुगल्या. समर्थने चिक्की दिली. शिफाचे डोळे भरून आले, "तुमचं तुम्ही शोधलंत, मॅडम." मोनिकाने व्हिडिओतल्या बाईचे आभार मानले. ते चेहरे बघून मला खरं बोलवेना. दहा मिनिटांत तिघांचीही खात्री झाली की भाकरी आपल्याच उपपत्तीने फुगली, आणि जुंपली. आता ते एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या शुक्रवारी प्रकल्प द्यायचा आहे आणि निष्कर्ष तीन आहेत. कॉपी करणाऱ्या पोरांचे पेपर मी आयुष्यभर हिसकावून घेतले, आणि आता स्वतःच कॉपी करून बसले. पोरं गुणी आहेत गं. माझ्यामागे एवढी मेहनत आजवर कुणी घेतली नव्हती.

तुझी,
मनोरमा

ता.क. पुढच्या गुरुवारी त्यांचं कच्चं काम बघायला नगरहून परीक्षक म्हणून तू येणार आहेस, असं कळलं. त्यासाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस. (त्यासाठीच लिहिलं.) गुण मागत नाही. मागितले तर तू देणार नाहीस, आणि दिलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. फक्त एवढं विचार, की शिकणाऱ्या बाईंना तुम्ही विचारलंत का, त्या कशा शिकल्या? तिघांपैकी एकानेही अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच तिघं आले आणि गोजरबाईने मोरीतून त्यांना सगळं सांगून टाकलं. मी तिघांची माफी मागितली. तिघं परातीभोवती तिच्याकडून शिकायला बसले. समर्थला दोन चापट्या बसल्या, शिफाला एक, मोनिकाच्या मी मोजल्या नाहीत. तासाभरात तिघांचं एकमत होऊन निष्कर्ष लिहूनही झाला: गोजरबाईंची पद्धत परिणामकारक, पण अशास्त्रीय आहे. तेव्हा तो प्रश्न राहू दे. जेवायला मात्र ये, आणि आलीस की निष्कर्ष मोठ्याने वाचू नकोस. भांडी गोजरबाईच घासते.