पायाला लागलेला बॉल

शनिवार, संध्याकाळ, अकोला

आज मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात मी अंपायर होते. फिल्डरनं फेकलेला बॉल माझ्या पायाला लागला आणि मी 'डेड बॉल' ओरडून खेळ थांबवला. रन पूर्ण करून होम बेसवर पोचलेल्या परतवाड्याच्या पूजाला तिसऱ्या बेसवर परत पाठवलं. परतवाड्याच्या पोरी एका रननं हरल्या.

घरी येऊन नियम वाचला. फेकलेला बॉल अंपायरला लागला तरी लाइव्हच राहतो, खेळ थांबत नाही. कशी विसरले मी? माझ्याच पायाला लागला होता!

निकाल आता बदलणार नाही. तरी त्यांच्या सरांना फोन केला.

"तिलेच सांगा मॅडम, तवापासून रडून राहिली."

पूजानं सगळं ऐकलं. "म्हंजे मी धावली ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं. चुकले मी."

उद्याच्या फायनललाही मीच अंपायर आहे. नियमांचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलंय.