तिसरं वचन

प्रिय खारूताई,

आतलं लहान पाकीट आधी फोडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. जिनासुद्धा तू दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचीस, म्हणून तर तुझ्या सासऱ्यांनी हे नाव ठेवलं. आज मात्र एकेक पायरीनं चल. मी इतकी खुशीत आहे की पेन हातात ठरत नाही. अक्षर वाकडं आलं तर निमूट वाच.

दोन महिन्यांपूर्वी तुझं पत्र आलं. तू पुन्हा लग्न करते आहेस, त्या नकाशे काढणाऱ्या मुलाशी, आणि तेही प्रार्थनागृहात, नुसतं कचेरीत सही करून नाही. तिथला नियम जुना. कोर्टानं काडीमोड दिला तरी पहिल्या सासरच्या वडीलधाऱ्या माणसानं लिहून द्यायचं की वचन मोडलं होतं, आणि कुणी मोडलं. त्याशिवाय दुसरं लग्न नाही. त्या घरात वडीलधारं आता माझ्याशिवाय आहे कोण? आणि मी तर वीस वर्षं तिथेच लग्न ठरलेल्या पोरापोरींचा वर्ग घेणारी बाई. तुझं पत्र मी घडी घालून औषधांच्या डब्याखाली ठेवलं.

माझी मतं मवाळ झालेली नाहीत, हे आधीच सांगते. लग्न म्हणजे दुकानात परत करायचा सदरा नव्हे. देवासमोर बोललेला शब्द हा शब्द असतो. वर्गात मी तीन वचनं घोकून घ्यायचे: तुला पोसेन, तुला सांभाळेन, तू हाक मारशील तेव्हा ओ देईन. तिसऱ्याला मुलं फिदीफिदी हसायची आणि मी ‘चला, पुढे’ म्हणायचे. वीस वर्षं पुढेच गेले.

तू म्हणायचीस, आई, हे महिना महिना बोलत नाहीत. मी काय म्हणाले ते आठवतं? बोलत नाही म्हणजे भांडत तरी नाही. तुझ्या सासऱ्यांचा आवाज खालच्या फाटकापर्यंत जायचा, मी राहिलेच ना? वर हेही म्हणाले की अबोल नवरा नशिबानं मिळतो. काय पण अक्कल!

तर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवड्यांसाठी मी चिरंजीवांकडे राहायला आले. चौथ्या दिवशी उजेडासाठी त्यांची खुर्ची खिडकीशी सरकवली. झालं! तेव्हापासून तोंड बंद. गोळ्या वेळेवर, जेवण गरम, पाठीला उशी, सेवेत बोट ठेवायला जागा नाही. पण शब्द नाही. खुर्ची परत जागेवर नेली, तरी नाही. एकोणीस दिवस! मी वॉर्डात तेहतीस वर्षं काढली. नवा पेशंट आला की आधी त्याला नावानं हाक मार, ओ आली तर निम्मी काळजी मिटली, हे शिकाऊ नर्सना मीच शिकवायचे. आणि इथे माझ्याच पोटचा मुलगा धडधाकट उभा राहून ओ देत नव्हता.

मग मी चिठ्ठ्या लिहू लागले. फ्रिजवर चिकटवायच्या. ‘दूध संपलंय.’ ‘डॉक्टरांचा फोन होता.’ तिसरी लिहिली, ‘माझं काही चुकलं का?’ आणि खारूताई, मी तिथेच स्टुलावर बसले. हे वाक्य मी याच फ्रिजवर तुझ्या अक्षरात पाहिलं होतं. पाहुणे यायचे होते, पसारा दिसायला नको म्हणून मीच ते काढून केरात टाकलं होतं.

सकाळी वॉकर घेतला आणि निघाले. तेव्हा चिरंजीव बोलले, ‘कुठे चाललीस?’ मी स्वच्छ सांगितलं, ‘तुझ्या बायकोला मोकळं करायला.’ पुन्हा गप्प. लिफ्टचं दार मात्र मी आत जाईपर्यंत त्यांनी धरून ठेवलं.

प्रार्थनागृहात म्हातारे धर्मगुरू म्हणाले, ‘बाई, आपणच शिकवता की लग्न मोडू नये.’ म्हटलं, शिकवते, आणि उद्याही शिकवीन. पण मोडणं म्हणजे दारातून बाहेर पडणं, हे मला कुणी सांगितलं? ही पोर सहा वर्षं हाका मारत राहिली. वचन तर ती बाहेर पडण्याच्या आधीच घरात बसल्या बसल्या मोडलं होतं. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. ‘वचन कुणी मोडलं’ या रकान्यात मी माझ्या मुलाचं नाव लिहिलं. झालं, तू मोकळी आहेस! रविवारी तुझं लग्न तिथेच लागणार.

नुसता कागद पोस्टात टाकून भागलं असतं. पण पाकीट उघडशील तेव्हा त्या रकान्यात दुसरंही एक नाव दिसेल, जागा पुरली नाही म्हणून आडवं लिहिलेलं. धर्मगुरू म्हणाले, ‘इथे एकच लागतं.’ मी ते खोडलं नाही. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तू मागून ‘आई’ म्हणून हाक मारलीस, त्याला तीन वर्षं झाली. मी वळले नाही. तुला वाटलं असेल, ऐकू आली नाही. स्वच्छ ऐकू आली होती. पाठ ताठ ठेवून चालत राहिले आणि त्या ताठपणाचा मला अभिमान वाटला. चिरंजीव हे कुणाकडून शिकले, ते आता वेगळं सांगायला नको. म्हणून हे पत्र. ओ, खारूताई. फार उशिरा, पण ओ. रविवारी मला पुढच्या रांगेत बसवू नकोस, तो मान तुझ्या माणसांचा. पण हाक ऐकू येईल इतक्या जवळ बसव.

तुझीच,
नातं कोणतं ते तूच ठरव, मी येतेच आहे