सासरेबुवांचा नट

सोमवार, १२ मे

पुन्हा ढिला! इंजिनाच्या बैठकीचा तोच नट – कालच तर आवळला होता! भर रस्त्यात इंजिन असं थडथडायला लागलं, की मागच्या विटा स्वतःहून उतरतात की काय वाटलं.

ट्रकला मी सासरेबुवा म्हणतो. सकाळी खोकतो, कुणाचं ऐकत नाही. नावावरून ही चिडते. आज तर भडकलीच – "रविवारी दादा येतोय. तोवर नट टिकला तर ठीक. नाही तर ट्रक भंगारात आणि तुम्ही दादाच्या दुकानात, गल्ल्यावर!"

गल्ल्यावर! मी! पंख्याखाली बसून "या ताई" म्हणायचं? ट्रक गेला तर माझ्यात उरलं काय?

मंगळवार

नवा नट घातला. ट्रकखाली उताणा पडून, उजवीकडे फिरवून, कचकचून आवळला. तोंडात ग्रीस गेलं. चव अगदीच वाईट नाही.

बुधवार

ढिला!!

घरी सांगितलं, "मस्त चाललाय." ही भलतीच खूश दिसली. मला कसंतरीच झालं.

गुरुवार

फिटर म्हणाला, "आटे चांगले, नट चांगला. तू आवळतोस की नुसता कुरवाळतोस?" मग त्याच्याच हातून आवळून घेतला. बघूच.

शुक्रवार

सकाळी ढिला! फिटरचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी – "मस्त चाललाय." पुन्हा ही खूश.

शनिवार

पहाटे अंगणात पाण्याच्या टाकीमागे लपून बसलो. बॉनेट करकरलं. डोकावतो तर – ही! गाऊनवर, केस बांधलेले, माझाच पाना हातात. वरून खांद्यापर्यंत हात आत घातलेला!

म्हणजे घरचाच चोर. दादाचं दुकान इतकं गोड लागतं? फार वाईट वाटलं. ती आत गेल्यावर नट पाहिला – ढिला. आवळला. चहा घेतला नाही. ही विचारत होती, "पोट बिघडलंय का?"

रविवार

मेहुणा आला. "काय, विकायचा ना?"

ही ताडकन म्हणाली, "मुळीच नाही! यांचा जीव आहे त्यात. रागात बोलून बसले मी. म्हणून रोज पहाटे उठून नट स्वतः आवळते, म्हणून तर मस्त चाललाय!"

आणि दाखवायला वरून हात घातला, दात-ओठ खाऊन पान्यानं नट उजवीकडे फिरवला. वरून उजवीकडे म्हणजे खालून डावीकडे! नट सुटला. ती घामाघूम, हसतेय – "बघा, कसा बसला!"

"वा!" मी म्हटलं. "तुझ्या हाताची सर कुणालाच नाही."

ती चहा टाकायला गेली. मी ट्रकखाली शिरलो.