आमच्या लॉनमधली पाथरी

४ जानेवारी, शनिवार
लॉन गेलं. पावसाळ्यात नर्सरीतून गुंडाळी करून आणलेलं खास कार्पेट ग्रास. पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं आणि मनातून मी ते रोज करत होतो. दोष काळ्या मातीचा. रश्मी (बायको) म्हणते, मातीचा नाही, पाइप उचलाले माणूस लागते.
आता तिला अंगणात गट्टू बसवायचे आहेत. सिमेंटचे ते लाल-पिवळे ठोकळे! स्कूटी उभी राहील, चिखल होणार नाही, पापड वाळतील. मुद्दे बिनतोड होते, म्हणून मी चर्चा थांबवली.

५ जानेवारी
चमत्कार! मेलेल्या लॉनमध्ये पिवळी फुलंच फुलं! खाली मातीला चिकटलेली पानं, वर बारीक देठ, फुंकर मारली की म्हातारी उडते. मोबाइलवर शोधलं. पाथरी. तण.
पण थांबा. परदेशात लॉनमध्ये असंच एक पिवळं फूल येतं, डँडेलियन. तिकडचे शहाणे लोक ते आता उपटत नाहीत, कौतुक करतात. पाथरी त्याच घराण्यातली. म्हणजे माझं लॉन मेलं नाही, त्याचं प्रमोशन झालं.
संकल्प : एक काडी उपटायची नाही. पाणीही लागत नाही. निसर्ग फार समंजस आहे.

८ जानेवारी
शेजारचे पंजाबराव कंपाउंडवरून डोकावले. त्यांचं लॉन नेहमी नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखं. विचारतात, "साहेब, आंगनाचं वावर केलं का जी?" मी कीव करून हसलो. बिचारे दर रविवारी उकिडवे बसून कात्रीने गवत कापतात.

११ जानेवारी, रात्री
कॉलनीची मीटिंग. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर 'सुंदर अंगण स्पर्धा'. परीक्षक जयवंता मॅडम, बॉटनीच्या रिटायर्ड प्राध्यापिका. मी नाव दिलं. घरी सांगितलं तर रश्मी इतकी हसली की फोडणी जळली.
सौदा ठरला. आपल्या अंगणाला बक्षीस मिळालं तर अंगण बक्षीसवाल्याचं, त्याने हवं ते करावं. नाही मिळालं तर सत्तावीसला गट्टूवाला. उत्तेजनार्थ चालेल का, असं मी विचारलं. केवळ कुतूहल म्हणून. चालेल म्हणाली.

१५ जानेवारी
राजापेठेत जयवंता मॅडम भेटल्या. सहज म्हटलं, आमच्याकडे पाथरी राखलीय. बाई ओरडल्याच! "पाथरी? अंगणात? आणि उपटली नाहीत?" म्हणे शहरात असा माणूस शोधून सापडत नाही, कॅमेरा घेऊनच येते.
असा माणूस! घरापर्यंत हॉर्न वाजवत आलो. भाजी आणायची राहिली.

१९ जानेवारी
पाटी लावली : 'फुले विश्रांती घेत आहेत.' मधमाशा येतात. एकीशी बोलत होतो, ते रश्मीने पाहिलं. पण ती चहाचा कप घेऊन तिथेच थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, दिसते बाकी बरं. अहाहा! गट्टू खलास.

२२ जानेवारी
सासूबाईंना, म्हणजे दुर्गाबाईंना, दर्यापूरला फोन केला. म्हटलं, आई, या. लोक अंगण पाहायला येणार आहेत, आपल्या घराच्या इज्जतीचा प्रश्न आहे. काय उगवलंय ते सांगितलं नाही. सरप्राइज! जन्म वावरात गेला त्यांचा. बघू दे जावयाचीही करामत.

२५ जानेवारी, संध्याकाळ
सासूबाई अंधार पडल्यावर पोचल्या. पिशवीत ज्वारीचं पीठ. अंगणात जरा टॉर्च मारला, कोपरान् कोपरा पाहिला. भारावल्या असणार. नंतर विचारलं, खुरपं कुठी ठेवता? बागकामाची आवड दिसते. काढून दिलं.

२६ जानेवारी, सकाळ
न्याहारीला गरम भाकर आणि कसलीशी हिरवी भाजी, बेसन पेरलेली, वरून लसणाचा तडका. किंचित कडवट. वा! दोनदा मागून घेतली. म्हटलं, आई, अमरावतीत जन्मात मिळणार नाही अशी भाजी. त्या लाजल्या. आता अंगणाचं दार उघडतो.

२६ जानेवारी, दुपार
काळी माती. नुसती काळी माती! माझी पाटी तेवढी उभी.
मागे सासूबाई, डोक्यावर पदर, तोंडावर आनंद मावत नाही. म्हणाल्या, "जवाईबापू, लोकं पाहाले येऊन राह्यले अन् आंगनात हे तन माजलेलं! मले झोपच नाही लागली. अंधारातच बसली निंदाले. माह्या जवायाले कोनी नावं ठेवाले नोको." बोटं चिकानं काळी पडली होती.
वाकून पाया पडलो. मग हळूच विचारलं, पाथरी कुठे गेली? जून होती ते गायीले टाकली, कवळी तुमीच खाल्ली, म्हणाल्या.
जयवंता मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. पाथरी दाखवा म्हणाल्या. रश्मीने माझ्या पोटाकडे बोट केलं.
पहिलं बक्षीस पंजाबराव. उत्तेजनार्थ, स्वच्छ अंगणासाठी : दुर्गाबाई, मुक्काम दर्यापूर. सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. का नाही वाजवणार? बक्षीस आमच्याच अंगणाला! सौदा मी जिंकलो!

२६ जानेवारी, संध्याकाळ
रश्मीचं म्हणणं, अंगण बक्षीसवाल्याचं, म्हणजे आईचं. अपील सासूबाईंकडे गेलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. गट्टू बसवा म्हणाल्या, तनाची कटकटच नाही.

२८ जानेवारी
गट्टू बसले. नीट पाहिलं तर पिवळे गट्टू लांबून फुलांसारखेच दिसतात. मला तर पहिल्यापासून हेच सुचवायचं होतं.
सासूबाईंना दर्यापूरच्या बसमध्ये बसवून आलो. बस सुटताना खिडकीतून हात धरला आणि म्हणाल्या, पुढच्या खेपेला वावरातून पिशवीभर पाथरी आनते, तुमाले लय आवडते ना, अन् आता तुमच्या इकडं गट्टूत कुठची उगवते ते.